घाटकोपरची पहिली 5 अक्षरं कॉपी केली, पुढे कचरा का छापला जातोय?

म्हणजे इंग्रजी लिपीतल्या 'घाटकोपर'ची (9 अक्षरं) पहिली 5 तुम्ही सी भाषेतल्या स्ट्रएनकॉपी या कॉपी करणाऱ्या फंक्शनने 5 घरांच्या अ‍ॅरेत घेतलीत आणि छापणाऱ्या प्रिंटएफने त्यापुढे भलतंच छापलं. कंपायलर ठीक आहे. 5 सांगितलीत, 5 आली. मूळ नाव 5 किंवा जास्त अक्षरांचं असेल तर स्ट्रएनकॉपी शेवटी नल, म्हणजे मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट, टाकतच नाही, आणि प्रिंटएफ नल भेटेपर्यंत थांबत नाही. लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा टेकतो, कारण बाकीचे सरकतात. इथे कोणी सरकत नाही. नलची जागा आपणच राखायची.

नाव लहान असेल तर उरलेली सगळी घरं शून्यांनी भरली जातात, म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं सुरळीत दिसतं. अंधेरीला नोकरीत असताना मी पावतीचा प्रोग्राम लिहिला होता. नावाला 20 बाइट, लगेच पुढे मोबाइल नंबर. टेस्टिंग केलं आमच्याच टोपणनावांवर! पहिल्याच दिवशी कुणाचं तरी स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं पूर्ण नाव आलं आणि पावतीवर नावाला चिकटून त्यांचा नंबर छापला गेला.

हे फंक्शन असं विचित्र का, तर जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत फाइलच्या नावाला ठरलेले 14 बाइट असत. नाव लहान तर उरलेल्यात शून्यं, पूर्ण 14 भरलं तर नल नाही. तिथे ते चपखल बसायचं. आपल्या नेहमीच्या स्ट्रिंगसाठी ते नव्हतंच.

तुमच्या कोडमध्ये अ‍ॅरे 6 घरांचा करा, 5 कॉपी करा आणि सहाव्या घरात, म्हणजे इंडेक्स 5 वर, स्वतः शून्य ठेवा. मी मात्र सी 99 (सी भाषेचं 1999 चं मानक) पासून असलेलं एसएनप्रिंटएफ वापरतो. त्याला 6 हा आकार द्या; 5 अक्षरं आणि नल दोन्ही बसवतं. शिवाय ते 9 परत करतं, म्हणजे नाव कापलं गेलं हेही कळतं. मजकुराला मजकूर जोडणाऱ्या स्ट्रएनकॅटच्या भरवशावर राहू नका: ते नल टाकतं, पण सांगितलेल्या आकड्याच्या वर एक बाइट जास्त.

आणि उद्या हेच नाव देवनागरीत आलं तर? यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत 'घा'चेच 6 बाइट होतात. 5 वर कापलंत तर घ येईल आणि काना अर्धवट तुटेल.