तुमचे प्रश्न : देवीची पूजा आणि बाईची मालमत्ता

प्रश्न : आमच्या वाचनगटात एक काका ठामपणे म्हणाले, "ज्या समाजात देवीची पूजा होते, तिथे बाईला मान असतोच. प्राचीन ग्रीस बघा, बाबिलोन बघा." मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. इतिहास शिकवायला लागले तेव्हा बरीच वर्षं मीसुद्धा देव्या आणि राण्यांवरूनच बायकांची स्थिती सांगत असे. आता आधी एवढंच पाहते, की बाईच्या नावावर काय होतं आणि ते कुणाला द्यायचं हे तिला ठरवता येत होतं का.

अथेन्समध्ये पार्थेनॉनच्या गाभाऱ्यात अथेनाची सोन्याची आणि हस्तिदंताची सुमारे 12 मीटर उंच मूर्ती होती. त्याच नगरात एका मेडिम्नॉसभर, म्हणजे सुमारे 50 लिटर, जवाच्या किमतीहून मोठा व्यवहार बाईला स्वतःच्या अधिकारात करता येत नसे. त्यापुढे तिचा 'किरिओस', म्हणजे कायदेशीर पालक, लागे. आधी बाप, मग नवरा. बापाला मुलगा नसला, तर त्याच्यामागे त्याचा जवळचा पुरुष नातेवाईक त्या मुलीशी लग्नाचा हक्क सांगू शकत होता. मालमत्ता तिच्यामार्फत तिच्या मुलांकडे जायची. बाबिलोनमध्ये इश्तारची पूजा होती, पण तिथला राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेचं 117वं कलम वाचा : कर्जापायी बायकोला किंवा मुलांना सावकाराकडे राबायला दिलं, तर तीन वर्षं राबून झाल्यावर त्यांना सोडावं. मुदत घातली हे खरं, तरी ते कलम वाचताना माझ्या पोटात आजही कालवतं.

आता इजिप्त. देव्या तिथेही होत्याच, पण मी तुम्हाला सांगणार आहे ती नौनाख्तेबद्दल. राजांच्या थडग्यांचं काम करणाऱ्या कारागिरांचं देर अल-मदिना हे गाव. तिथली ही साधी बाई. पहिला नवरा लेखनिक होता. तो वारल्यावर तिनं खाएमनून नावाच्या कारागिराशी लग्न केलं, आठ मुलं वाढवली. इ.स.पू. 1145च्या सुमारास, म्हातारपणी, ती गावच्या न्यायसभेपुढे उभी राहिली आणि साक्षीदारांसमोर तिनं मृत्युपत्र सांगितलं. त्याचा आशय असा : या आठ जणांना मी वाढवलं, त्यांचे संसार मांडून दिले, आता मी थकले आणि ती माझ्याकडे बघत नाहीत. ज्यानं मला हात दिला त्याला माझ्यातलं मिळेल, ज्यानं दिला नाही त्याला नाही.

काही मुलांना तिनं वगळलं. एका मुलाला इतरांपेक्षा जास्त म्हणून काशाचं भांडं दिलं. बापाच्या वाट्यातला हक्क मात्र वगळलेल्या मुलांचाही राहिला, कारण तो वाटा तिचा नव्हता. आपलं कोणतं आणि नवऱ्याचं कोणतं, हे तिला आणि न्यायसभेला नेमकं ठाऊक होतं! भांड्यापर्यंतचा हा हिशेब मला कुठल्याही राणीच्या पुतळ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

इजिप्तमध्ये सगळं आलबेल होतं असं नाही. सरकारी कारभार जवळजवळ सगळा पुरुषांच्या हातात होता, आणि दासींच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. पण काकांना नौनाख्तेची पुढची हकिगत जरूर सांगा. वर्षभरानं खाएमनून आणि मुलं पुन्हा न्यायसभेपुढे आली आणि तिनं लिहून ठेवलंय तसंच होईल, असं त्यांनी कबूल केलं.