साखर घातलेली नाही हो, ती द्राक्षाचीच

प्रश्न : नान्नजला आमची द्राक्षबाग आहे, निम्मा माल बेदाण्याला जातो. पुतण्याने नाशिकहून 'लेट हार्वेस्ट' लिहिलेली वाईनची छोटी बाटली आणली. जेवताना घेतली तर काकवी प्यायल्यासारखं झालं, घरातले म्हणाले यात साखर घातली असणार. गोड वाईन म्हणजे हलक्या दर्जाची असं ऐकलंय, खरं का? आणि ही प्यायची कशी?
– एक बागायतदार, नान्नज

उत्तर : दादा, याचं उत्तर तुमच्या बेदाण्याच्या शेडमध्येच आहे बघा. चार किलो द्राक्षं जाळीवर टाकली की पंधरा-वीस दिवसांनी हातात किलोभर बेदाणा येतो, पाणी उडालं, साखर आतच राहिली. चांगली गोड वाईन तशीच होते. लेट हार्वेस्ट म्हणजे घड वेलीवरच जास्त दिवस ठेवायचे म्हणजे गोडी वाढत जाते. इटलीत तर रेचोतो, विन सान्तो या वाईनसाठी द्राक्षं तोडून चटईवर नाहीतर टांगून सुकवतात आणि मग रस काढतात, म्हणजे आपलंच काम झालं की. पुढं यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर गेली की एक टक्का अल्कोहोल, पण रसात साखरच इतकी असते की यीस्ट मध्येच थकतं (कधी वाईन थंड करून मुद्दाम थांबवतात) आणि उरलेली गोडी वाईनमध्ये राहते. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्ट नावाच्या गोड वाईनमध्ये तर मध्येच द्राक्षाचं स्पिरिट (कडक दारू) ओतून यीस्ट थांबवतात.

हलक्या दर्जाचं म्हणाल तर ते अजिबात खरं नाही. फ्रान्समध्ये बोर्दो भागातल्या वाईनची 1855 साली प्रतवारी झाली तेव्हा तिथल्याच सोतेर्न पट्ट्यातल्या गोड वाईनमध्ये शातो दिकेम या एकाच बागेला सगळ्यांच्या वरचा वेगळा दर्जा दिला गेला. आणि ही सोतेर्नची वाईन होते कशी ते तुम्ही वाचाच, कारण तुमचा जन्म भुरी-केवड्याच्या (द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगांच्या) फवारण्यात गेलाय. तिथं सकाळी सिरों नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं, अशा हवेत घडावर बोट्रायटिस नावाची बुरशी चढते, ती सालीला बारीक भोकं पाडते आणि मण्यातलं पाणी उडून जातं. मणी काळपट, सुरकुतलेला, बघवत नाही असा, पण आत मध. म्हणून मजूर एकदम घड तोडत नाहीत, पिकलेले तेवढेच मणी वेचत बागेत परत परत फेऱ्या मारतात. हीच बुरशी हवा ओली राहिली तर माल नासवते, म्हणजे सगळा खेळ हवेचा.

आता चाखायचं. गोडी बघू नका, आंबट शोधा. घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं पाहिजे, कैरीचं नाव काढलं की सुटतं तसं. पाणी सुटलं तर वाईन चांगली, तोंड चिकट राहिलं तर नुसतं साखरपाणी. माझ्या मते तुमची चूक दोन ठिकाणी झाली असणार, एक तर सोलापूरच्या उन्हात बाटली कपाटातून काढून तशीच ओतली आणि दुसरं म्हणजे लसणाच्या शेंगाचटणीबरोबर घेतली. ही 8 ते 10 अंशांवर थंड लागते, फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवा, आणि जेवण झाल्यावर छोट्या ग्लासात 50-60 मिली बस्स. सोबत खारे काजू नाहीतर जुनं खारट चीज, फ्रान्समध्ये निळ्या बुरशीच्या चीजबरोबर घेतात ते उगाच नाही, खारटाशेजारी ही गोडी खुलते. पुरणपोळीबरोबर मात्र नको, पोळी वाईनपेक्षा गोड पडते आणि वाईन नुसती आंबट लागते.

घरात कुणाला शुगर असेल तर जपा, लिटरला 120 ग्रॅम साखर असलेल्या वाईनच्या 50 मिलीतच 6 ग्रॅम साखर जाते.

बाटली अजून उरली असेल तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, चार-सहा दिवस टिकते. तेवढ्यात एकदा थंड करून परत चाखा आणि कडांना पाणी सुटलं का ते मला कळवा.