२३ एप्रिल १६१६ : शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस खरंच एकाच दिवशी गेले का?

नाही. तारीख एक, दिवस वेगळे. स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगोरियन (म्हणजे आजचं) कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या, तेव्हा १० दिवस मागे असलेल्या ज्युलियनवर अडून बसलं. त्यामुळे शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. शिवाय सर्व्हांतेस बहुधा २२ तारखेलाच वारले, २३ ला दफन झालं. दिनविशेषात ही जोडी तरीही दरवर्षी हमखास येते!

आपल्याकडेही हेच. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० (फाल्गुन वद्य ३, शके १५५१) आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ या दोन्ही ज्युलियन तारखा आहेत. ग्रेगोरियन हिशेबाने १ मार्च आणि १६ जून.

पडताळायचं तर : ज्युलियन २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस मिळवा, त्यानंतर १७५२ पर्यंत ११. पानिपतच्या १४ जानेवारी १७६१ ला हात लावू नका, ती ग्रेगोरियनच आहे. आणखी एक खाच : तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या जुन्या इंग्रजी कागदांत सन एकाने मागे दिसतो. नेमकं इथेच फसायला होतं.