टाकी बदलायची की तिचे सुटे भाग?

प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपूर्वी ७५ लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायची टाकी, घेतली. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण कपात गोळा करणारं यंत्र) अधूनमधून कपाबाहेर ओततो, रिटर्न पंप (कप्प्यातलं पाणी टाकीत परत ढकलणारा) घरघरतो, काचेवरचं तपकिरी शेवाळ पुसलं की दोन दिवसांत परत येतं. मागच्या आठवड्यात सकाळी पाणी ३१ अंशांवर गेलेलं दिसलं आणि एक कोरल गेलं. दुकानदाराच्या मते छोटी टाकी स्थिर राहतच नाही, २०० लिटरचा तयार संच घ्या. त्याची किंमत तुमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी. हाताशी चार महिन्यांच्या खर्चाची ठेव आहे. ती अर्धी मोडावी, की १२ हप्त्यांत घ्यावं?

सध्या दोन्ही नको. अडीअडचणीची ठेव छंदासाठी मोडू नये हे एक कारण आहेच, पण इथे त्याहून मोठं कारण टाकीत आहे. तुमच्या चारही तक्रारी नव्या संचाबरोबर नव्या जागी येतील.

दुकानदार अर्धं खरं बोलतो. पाणी जास्त असलं की तापमान आणि खारेपणा सावकाश हलतो, चूक सुधारायला वेळ मिळतो. पण तुम्हीच लिहिलंय की दर दोन दिवसांनी तीन लिटर पाणी एकदम भरता, आणि स्किमर व पंप एकाच कप्प्यात आहेत. बाष्पीभवनात मीठ उडत नाही, फक्त पाणी जातं. दगड-वाळू वजा जाता टाकीत ६५ लिटर पाणी धरलं, तर तीन लिटर उडाल्यावर ३५ पीपीटीचा (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारेपणा ३६.७ होतो आणि तुम्ही पाणी ओतलं की पुन्हा ३५. कोरलला हा झोका दर दोन दिवसांनी बसतो. त्याच वेळी कप्प्यातली पातळी खाली गेली की पंप हवा ओढून घरघरतो, आणि तुम्ही भरलं की पातळी चढून स्किमर उतू जातो. दोन यंत्रं बिघडलेली वाटतात, पण मूळ बहुधा एकच आहे.

यावर इलाज म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप थोडंथोडं भरणारी सोय: एक सेन्सर, एक चिमुकला पंप, एक डबा. डबा मात्र पाच लिटरचाच ठेवा. सेन्सर अडकून सगळं गोडं पाणी टाकीत गेलं, तरी खारेपणा ३२.५ च्या आसपास थांबेल. प्राणी दचकतील, मरणार नाहीत. सोयीसाठी २० लिटरचा डबा लावणारे पुष्कळ असतात, आणि सेन्सर एकदाच अडकावा लागतो.

त्याआधी फुकटची कामं करा. पंप उघडा, इम्पेलर (आतलं फिरतं पातं) बाहेर काढा. त्याच्यावर आणि आतल्या भिंतीवर पांढरा खडबडीत थर दिसेल, तो कॅल्शियमचा. समप्रमाणात पांढरं व्हिनेगर आणि पाणी घेऊन त्यात तासभर भिजवा, मऊ ब्रशने घासा, साध्या पाण्यात खळखळून बसवा. सिरॅमिकचा दांडा हलक्या हाताने काढा, काचेसारखा तुटतो. तो तुटला असेल तर नवा इम्पेलर-संच घ्या, पूर्ण पंप नको. हे काम दर तीन महिन्यांनी. स्किमरच्या हवेच्या नळीचं तोंड मिठाने चोंदतं. कोमट पाणी ओढू द्या, लगेच फेस वाढलेला दिसेल. आणि टाकीत हात घातल्यावर किंवा चिकटमातीने कोरल बसवल्यावर स्किमर काही काळ वेडावतोच, तेव्हा दुरुस्ती काढू नका.

आता हीटर. याच्यावर मात्र खर्च करा, आणि याच आठवड्यात करा. स्वस्त हीटरमधले थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू कालांतराने चिकटतात आणि तो बंदच होत नाही. ६५ लिटर पाण्यात तुमचा २०० वॉटचा हीटर अडकला, की तासाला अडीच अंशांच्या आसपास पाणी चढतं. म्हणजे ३१ गाठायला रात्रीचे दोन-तीन तास पुरले. १०० वॉटचा घ्या, चढण्याचा वेग निम्मा होतो. सोबत वेगळ्या प्रोबचा (पाण्यात सोडायच्या तापमापक टोकाचा) तापमान कंट्रोलर लावा: कंट्रोलर २५.५ वर, हीटरचा स्वतःचा डायल २६.५ वर. आता पाणी उकळायला दोन्ही एकदम बिघडावे लागतील. प्रोब पाण्याबाहेर निसटला तर कंट्रोलर हवेचं तापमान वाचून हीटर चालूच ठेवेल. तेव्हा हीटरचा डायल वाचवतो. म्हणून प्रोब क्लिपने खोल बसवा. वायर प्लगच्या खाली लोंबकळू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर तो खर्च छंदाच्या नव्हे, घराच्या खात्यात लिहा.

तपकिरी शेवाळ बहुतेक वेळा डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं आणि ते पाण्यातल्या सिलिकेटवर (विरघळलेल्या सिलिकावर) पोसतं. तुम्ही घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरता. त्या यंत्रात चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारी किंवा खनिजं घालणारी सोय असते. मेम्ब्रेननंतर (आरओच्या गाळणपडद्यानंतर), खनिजाच्या कार्ट्रिजआधी नळी काढा, मिसळणी बंद करा आणि पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य यायला हवं. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यांत आधी सुटते, कधीकधी आकडा शून्य असतानाच. तेव्हा शेवाळ परत आलं तर मीटरवर भिस्त ठेवू नका, रेझिन बदला. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५ ला चुकू शकतं.

या सगळ्या खरेदीला एक मर्यादा घाला: नव्या संचाच्या किमतीच्या १५ टक्के. महिन्याच्या शिलकीतून भागवा, ठेवीला हात नको.

संचाच्या किमतीत न दिसणारा खर्चही मांडू. आजच्या टाकीत ५० वॉटचा दिवा आठ तास, १० वॉटचा पंप, ५ वॉटचा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंखा) आणि ८ वॉटचा स्किमर चोवीस तास, १०० वॉटचा हीटर थंडीत दिवसाकाठी आठेक तास धरला, तर महिन्याला ५२ युनिट. २०० लिटरला त्याच हिशेबाने १२० युनिटच्या पुढे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर वर्षाला मीठ आज १३ किलोच्या आसपास, तिकडे ३५. पाण्याची चक्रस्थिती (घाण पचवणारे जिवाणू पुरेसे वाढणं) बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही टाक्या चालतील.

हप्त्याचं गणित साधं आहे. दरमहा घरखर्चाचा सहावा हिस्सा, वर्षभर. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क आणि बुडालेली रोखीची सूट मिळवा, तेच व्याज. इतकी रक्कम दरमहा खरंच निघत असेल, तर ती वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. वर्षाने रोख उभी राहील, आणि मधल्या काळात नोकरी-आजारपण काही आलं तर थांबवता येईल. हप्ता थांबवता येत नाही.

दरम्यान आठ आठवडे रोज एका वहीत तापमान आणि खारेपणा लिहा. तापमान एका अंशाच्या आत, खारेपणा अर्ध्या पीपीटीच्या आत राहिला आणि तरी मोठी टाकी हवीशी वाटली, तर घ्या. ती मग हौस असेल, आणि हौसेला माझी हरकत नाही, फक्त रोखीने. तेव्हाही बंदिस्त तयार संचाचा दिवा किंवा पंप बिघडल्यास बाजारातला दुसरा कुठलाही बसतो का, हे आधी विचारा. नाही बसला, तर एका मोटरसाठी त्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागेल. वापरलेली टाकी, पंप, स्किमर घ्यायला हरकत नाही, पण माशांच्या औषधात तांबं वापरलं होतं का ते विचारून. त्याचा अंश टाकीत आणि दगडांत राहू शकतो आणि कोरल-कोळंब्या त्याने मरतात. हीटर मात्र नवाच घ्या.