रक्तस्रावी ताप आणणाऱ्या विषाणूंचं वर्गीकरण शास्त्रज्ञ कसं करतात? आणि त्यांना गावांची, नद्यांची नावं का देतात?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. माझं आजोळ सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तापाला गावाचं नाव चिकटलं की त्या गावात काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

पण आधी वर्गीकरण. 'रक्तस्रावी ताप' नावाचा विषाणूंचा कुठलाही गट निसर्गात नाही. ती डॉक्टरांनी लक्षणांवरून बांधलेली मोट आहे. जोराचा ताप, रक्तवाहिन्या झिरपणं, प्लेटलेट घसरणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, असं काही दिसलं की रुग्ण त्या मोटेत जातो. मोट सोडून पाहिली तर आत वेगवेगळ्या कुलांचे विषाणू निघतात. इबोला आणि मारबर्ग फिलोव्हिरिडी कुलातले, लासा अरेनाव्हिरिडीतला, क्रिमियन-काँगो नैरोव्हिरिडीतला, कोरियातला हंतान हंताव्हिरिडीतला, रिफ्ट व्हॅली फेन्युइव्हिरिडीतला. आणि पीतज्वर (यलो फीवर), डेंग्यू, सैबेरियातला ओम्स्क आणि आमच्याकडचा क्यासनूर हे सगळे फ्लॅव्हिव्हिरिडीतले.

या सगळ्यांत आरएनए असतो आणि बाहेरून मेदाचं आवरण असतं. त्यापुढे मात्र यांचे रस्ते वेगळे होतात. क्यासनूर किंवा डेंग्यूचा आरएनए पेशीत शिरला की पेशी तो थेट वाचून प्रथिनं बनवायला लागते. इबोलाचा आरएनए उलट्या दिशेचा असतो, त्याची आधी सुलट प्रत काढावी लागते. लासाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा आरएनए, दोन तुकड्यांत असतो, क्रिमियन-काँगोचा तीन तुकड्यांत. डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विषाणूंची विभागणी सुचवली ती याच पायावर: आत कुठलं न्यूक्लिक आम्ल आहे आणि त्यापासून संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो. अधिकृत वर्गीकरण करते ती आंतरराष्ट्रीय समिती १९६६ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत स्थापन झाली. आज तिला आयसीटीव्ही म्हणतात. तिच्या उतरंडीत आता वरपासून जातीपर्यंत पंधरा पायऱ्या आहेत, आणि नवा विषाणू कुठे बसवायचा हे मुख्यतः जीनोमच्या क्रमावरून ठरतं. जोडीला तो कुठल्या प्राण्यात राहतो, कशातून पसरतो, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दुसऱ्या कुठल्या विषाणूशी जुळतात का, हेही पाहतात. रुग्णाच्या नाकातून रक्त आलं की नाही, याला तिथे काही किंमत नाही.

मला हे इतकं ठासून का सांगावंसं वाटतं, ते माझ्या मामीच्या आजारपणामुळे.

२०१६ साली सिंधुदुर्गात माकडताप, म्हणजे क्यासनूर विषाणूचाच ताप, आला. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात सत्तरी तालुक्यात रुग्ण सापडले होते, म्हणजे डोंगराच्या पलीकडे तो येऊन थांबलाच होता. आमच्याकडे काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच. डिसेंबर-जानेवारीपासून पावसापर्यंत. बायका दिवसभर काजूच्या बागेत वाकून बोंडू गोळा करतात, खाली सुकलेला पातेरा असतो, आणि त्या पातेऱ्यात गोचिडाची बारीक पिल्लं, डोळ्यांना धड न दिसणारी. मामीला ताप भरला तेव्हा डोकं फुटतंय, कंबर आणि पिंढऱ्या तुटून पडतायत, डोळे लाल, असं सगळं होतं. तिला ज्या खाजगी डॉक्टरांकडे नेलं त्यांना मामाने स्वतःहून सांगितलं, की बागेच्या वरच्या अंगाला माकडं मेलेली सापडली आहेत. डॉक्टरांनी विचारलं, रक्त कुठून जातंय का? नाही. मग तो ताप नव्हे, तो रक्तस्रावी असतो, हा डेंग्यू धरून चालू. रक्ताचा नमुना पुढे पाठवलाच नाही.

माकडतापाच्या पुष्कळ रुग्णांना रक्तस्राव होतच नाही. काहींना होतो. काहींचा पहिला ताप उतरतो, बरं वाटतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप चढतो, तेव्हा मान ताठ होणं, भ्रम होणं, हात कापणं सुरू होतं. मामीच्या हिरड्यांतून रक्त आलं ते नंतर, घरी. मग सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून नमुना पुण्याला गेला आणि माकडतापाचा अहवाल आला. मामी वाचली. या तापात साधारण शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात, त्यामुळे बहुतेक जण वाचतातच. पण मधले ते दिवस केवळ एका नावामुळे वाया गेले. लक्षणावरून ठेवलेलं नाव डॉक्टरच्या डोळ्यांवर झापड बांधू शकतं, आणि मी हे माझ्या प्रत्येक वर्गात सांगते.

गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की डेंग्यू आणि क्यासनूर एकाच प्रजातीतले (इंग्रजीत जीनस, जातीच्या वरची पायरी) आहेत, ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस. भाऊबंद. मात्र एकाला डास लागतो, दुसऱ्याला गोचीड. डासाच्या मागे धावलात तर गोचिडाचा ताप थांबत नाही. म्हणून वर्गीकरण हे पुस्तकातलं काम आहे असं कुणी म्हटलं की मला संताप येतो.

क्यासनूरचा शोधच पाहा. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि वानरं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली. पुण्याची व्हायरस रिसर्च सेंटर ही संस्था (आजची एनआयव्ही) तेव्हा पाच वर्षांची होती, १९५२ ची. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली धास्ती होती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर येतो तेव्हा आधी माकडं मरतात, आणि आशियात तो कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला, प्रतिपिंडं जुळवून पाहिली, आणि नातं निघालं रशियातल्या गोचीडजन्य विषाणूंशी. त्या निष्कर्षामुळे लोक डास सोडून गोचीड शोधायला लागले आणि हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा हा मुख्य वाहक सापडला. हे आहे वर्गीकरणाचं बळ. त्याची मर्यादाही तिथेच दिसली. नातं जवळचं म्हणून रशियन मेंदूज्वराची लस शिमोग्यात देऊन पाहिली, ती लागू पडली नाही. पुढे क्यासनूरची स्वतंत्र लस करावी लागली.

आता नावं. इथे तीन वेगवेगळी नावं असतात आणि लोक ती एकात एक मिसळतात. रोगाचं नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीत. विषाणूचं रोजच्या वापरातलं नाव शोधणाऱ्यांनी दिलेलं. आणि जातीचं शास्त्रीय नाव आयसीटीव्हीचं. २०२१ पासून जातीचं नाव दोन शब्दांचं असावं असा नियम झाला, पहिला शब्द प्रजातीचा. त्यामुळे इबोलाची जाती आता ऑर्थोइबोलाव्हायरस झाइरेन्से, आणि आमची ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस क्यासानुरेन्से. सौदी अरेबियात १९९० च्या दशकात सापडलेला अलखुर्मा विषाणूही याच जातीत मोडतो. त्याच्या नावावरून तिथल्या संशोधकांत मोठा वाद झाला. एका पक्षाचं म्हणणं, की रुग्ण जेद्दाहजवळच्या अलखुमरा भागातले होते आणि नाव भलत्याच गावाचं लागलं.

गावांची नावं का देतात? कारण सोपं आहे. जिथे पहिल्यांदा सापडला तिथलं नाव हाताशी असतं. मारबर्ग हे जर्मनीतलं शहर. १९६७ मध्ये युगांडाहून आणलेल्या माकडांमुळे तिथल्या प्रयोगशाळेतले लोक आजारी पडले, फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेडमध्येही पडले, पण नाव लागलं मारबर्गला. विषाणू आफ्रिकेतला, नाव जर्मन. लासा हे नायजेरियातलं गाव, १९६९ पासून त्याचं नाव तापाशिवाय कुणी घेत नाही. म्हणूनच १९७६ मध्ये झाइरमध्ये यांबुकूला साथ आली तेव्हा तिथे गेलेल्या संशोधकांच्या पथकाने ठरवून गावाचं नाव टाळलं आणि लांबच्या इबोला नदीचं घेतलं. यांबुकू वाचलं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्येला फुफ्फुसं भरून माणसं मारणारा नवा हंताविषाणू सापडला. सुचवलेल्या प्रत्येक स्थलनामाला तिथल्या लोकांनी विरोध केला, शेवटी 'सिन नोम्ब्रे', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बिननावाचा', असं नाव ठेवलं. त्या लोकांचं मला मनापासून कौतुक वाटतं. २०१५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं, की नव्या रोगांना जागांची, माणसांची, प्राण्यांची नावं देऊ नयेत.

आणि आमच्या गावात त्याच्या पुढच्याच वर्षी काय झालं? माझा मोठा मामा एका स्थानिक वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचा. त्याने तापाची बातमी दिली ती गावाचं नाव जोडून, 'अमुक ताप'. मथळ्यात. नंतर तेच नाव आठवड्याच्या बाजारात, एसटीत, सगळीकडे. काजूचे व्यापारी आमच्या गावची बी म्हटली की भाव पाडायचे, जणू विषाणू बीतून येतो. मावसबहिणीचं लग्न ठरत आलं होतं, पलीकडच्यांनी 'हंगाम जाऊ दे, मग बघू' म्हणून निरोप पाठवला आणि ते राहिलंच. शेजारच्या गावातही रुग्ण होते. तिथे कुणी काही बोललं नाही, कारण त्यांचं नाव मथळ्यात नव्हतं.

मी मामाशी भांडले. त्याचं एकच उत्तर: "नाव घातल्याशिवाय हयसर कोण येतलो गो? साहेब नाव वाचून येतत." त्याचा राग मला कळतो. दोडामार्गला पूर्वी काय सुविधा होत्या हे मलाही माहीत आहे, आणि गंभीर रुग्णाला आजही आधी गोव्याची वाट धरावी लागते. पण आरोग्य खात्याचं पथक बातमी वाचून आलेलं नव्हतं. आमच्या आरोग्यसेविकेने मेलेल्या माकडांची खबर वर दिली होती, म्हणून ते आलं. गोचीड गोळा केले, माकडं पडली होती तिथे औषध फवारलं, गोचीड चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटलं. बातमी छापून आली ती त्यानंतर. मामाला हे आजही पटत नाही. दर गणपतीत हा विषय निघतो.

माझं मत स्पष्ट आहे: २०२३ मध्ये या सगळ्या जातींची नावं नव्या नियमात बसवली तेव्हा समितीने स्थलनामं काढून टाकायची संधी घालवली. क्यासनूर, ओम्स्क, लासा, झाइर, सगळी गावं, देश, शहरं नव्या लॅटिन कपड्यांत पुन्हा बसवली. झाइर नावाचा तर देशच उरलेला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. साठ वर्षांचं संशोधन 'क्यासनूर' या शब्दाखाली साठलेलं आहे. तो शब्द काढला तर उद्याच्या विद्यार्थ्याला १९५७ चे कागद सापडणार नाहीत, आणि नाव वारंवार बदललं तर दवाखान्यातला गोंधळ वाढतो. समितीने हाच विचार केला असणार आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. आम्ही म्हणतो ते 'माकडताप' हे नावही निर्दोष नाही. माकड स्वतः या तापाने मरतं; गोचिडांना त्याच्याकडून विषाणू लागतो हे खरं, पण माणसाला ताप येतो तो मुख्यतः गोचिडामुळे. ब्राझीलमध्ये २०१७-१८ च्या पीतज्वराच्या साथीत घाबरून लोकांनी माकडं मारली होती. आपल्याकडे ते होऊ नये. शिवाय मी विषाणूशास्त्रातली संशोधक नाही, शिक्षिका आहे. वरच्या पायऱ्यांची नावं दर काही वर्षांनी बदलतात, तेव्हा परीक्षेसाठी वाचत असाल तर आयसीटीव्हीची ताजी यादी बघा.

तुम्ही पत्रकारितेत असाल, किंवा कधी अशी बातमी लिहायची वेळ आली, तर 'केएफडी' (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) लिहा, तालुका लिहा, गाव मथळ्यात घालू नका. त्याऐवजी मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कुणाला कळवायचं, बागेत जाताना अंगभर कपडे का घालायचे, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ का करायची, आणि रक्त आलं नाही तरी तापाचा नमुना का द्यायचा, हे लिहा. मामा, तू हे वाचत असशील तर तुलाही हेच सांगतेय. साहेब येण्यासाठी गावाचं नाव बदनाम करावं लागत नाही, आरोग्यसेविकेचा एक फोन वेळेवर पोचला तरी पुरतं.