गावात इतिहास मंडळ काढताय? पहिलं वर्ष वस्तू घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावात आठ-दहा जण मिळून स्थानिक इतिहासाचं मंडळ काढताहेत. बातमी पसरल्यापासून लोक मोडी कागद, नाणी, पितळी भांडी आणून द्यायला लागलेत. तलावाच्या काठावर दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, पडलेत. नोंदणी करावी का, कामं कशी वाटावीत, आलेल्या सामानाचं काय करावं आणि अशी मंडळं दोन-तीन वर्षांत बंद का पडतात?

सामानापासूनच सुरुवात करतो, कारण मंडळं तिथेच अडकतात. पहिलं वर्षभर एकही वस्तू ताब्यात घेऊ नका. फोटो काढा, माप घ्या, घरातली माणसं त्या वस्तूबद्दल जे सांगतात ते लिहून घ्या आणि वस्तू ज्याची त्याला परत द्या. तुमच्याकडे असणार समाजमंदिराची एक खोली आणि एक लोखंडी कपाट. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की चार महिने भिंती सुकत नाहीत, आणि बंद कपाटात कागदाला बुरशी धरायला पंधरा दिवस पुरतात. त्याच कागदाने देणाऱ्याच्या घरात माळ्यावर, चुलीच्या धुरात शंभर वर्षं काढलेली असतात. शिवाय चार वस्तू जमल्या की कुणीतरी ‘संग्रहालय’ म्हणायला लागतं, सगळा जोर काचेच्या पेटीवर आणि उद्घाटनाला पाहुणा कोण यावर जातो, आणि नोंदीचं काम मागे पडतं.

घ्यावीच लागली, म्हणजे घर पाडताहेत आणि कागद रद्दीत चाललेत, तर पावतीशिवाय घेऊ नका. पावती दोन प्रतींत, दोघांच्या सह्या. तिच्यावर ‘कायमचं दान’ की ‘ठेवायला दिलं’ यातलं एक स्पष्ट लिहा. पुढचे नव्वद टक्के तंटे या एका ओळीवरून होतात: मंडळ समजतं दान, देणाऱ्याचा मुलगा समजतो ठेव. वाडवडिलांची वस्तू असेल तर ती देणाऱ्या एकट्याची नसते, भाऊबंदांचीही असते. निदान सख्ख्या भावा-बहिणींच्या सह्या घ्या. ‘जुनं पुस्तक, १ नग’ अशी पावती काही कामाची नाही. ‘मोडी वही, कापडी बांधणी, ४२ पानं, लांबी २१ सें.मी., पहिलं पान अर्धं फाटलेलं’ असं लिहा, म्हणजे उद्या कुणी ‘माझ्या वहीत साठ पानं होती’ म्हटलं तर उत्तर देता येतं.

नंबर द्यायची सोपी रीत म्हणजे वर्ष, त्या वर्षातला कितवा देणारा, त्याची कितवी वस्तू. २०२५.४.२ म्हणजे २०२५ सालच्या चौथ्या देणाऱ्याची दुसरी वस्तू. एकाच घरातून पन्नास कागद आले तरी ते एकत्र राहतात, आणि कागदाचं अर्धं मोल ‘कुठल्या घरातून आला’ यातच असतं. म्हणून विषयवार गठ्ठे करू नका. कागदावर नंबर मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, स्टिकर नको. लाकूड आणि धातूला सुती नाडीने चिठ्ठी बांधा. नोंदवही बांधीव आणि पानांवर छापील नंबर असलेली घ्या. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा, खाडाखोड किंवा व्हाइटनर नाही. एक्सेलची फाइल शोधायला ठेवा, पण पुरावा म्हणून वहीच चालते.

कागदाला चार गोष्टी कधी करू नका: सेलोटेप, लॅमिनेशन, डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवणं आणि उन्हात वाळवणं. सेलोटेपचा डिंक दहा-पंधरा वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो, मग निघत नाही. लॅमिनेशन तर परत सोडवताच येत नाही. रुमालात बांधायचं असेल तर नवं सुती कापड आधी दोनदा धुऊन खळ काढून टाका, खळीला कसर लागते. कसर किंवा किडा दिसला तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये पंधरा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. फोटोंना हा उपाय करू नका.

स्कॅन करताना कागद ३०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय. ठिसूळ पानं असतील तर तासाला तीस-चाळीसच्या वर होणार नाहीत, त्या हिशेबाने माणसं लावा. फाइलचं नाव म्हणजे वस्तूचा नंबर आणि पान, ‘पाटलांचे कागद नवीन २’ असलं नाव नको. तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता पाठवला की तो लहान होतो आणि मोडीची अक्षरं गिचमीड होतात.

आता तारखा, कारण तुमच्याकडे मोडी कागद येणार म्हणजे शुहूर सन, ही जुन्या मराठी कागदांतली कालगणना, येणारच. त्यात आकडे अरबी शब्दांत असतात, एकं आधी आणि हजार शेवटी. ‘समान सबैन मया व अल्लफ’ म्हणजे ८ + ७० + १०० + १००० = ११७८. त्यात ५९९ मिळवा, १७७७ आलं. हे वर्ष जूनमध्ये, मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे, म्हणजे १७७८. चुका ठरलेल्या आहेत: सबा (७) आणि सबैन (७०), खमस (५) आणि खमसैन (५०), तिसा (९) आणि तिसैन (९०). घाईत सबैनच्या जागी समानीन (८०) वाचलं की कागद दहा वर्षं पुढे सरकतो आणि मेलेला माणूस वतनावर सही करताना दिसतो. शकाला ७८ किंवा ७९ मिळवतात, फसलीला, म्हणजे महसुली सनाला, आपल्या भागात ५९० किंवा ५९१. ‘छ’ हे अक्षर दिसलं तर पुढची तारीख मुसलमानी महिन्याची, चंद्राची. नोंदीत मूळ शब्द जसेच्या तसे लिहा आणि इंग्रजी साल शेजारी. नुसतं साल लिहून ठेवलं तर पुढच्या माणसाला चूक पकडता येत नाही.

वाचणारा माणूस मोडीचा हवा तसा कन्नडचाही हवा. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. आपल्या भागातले कदंब, रट्ट या जुन्या राजघराण्यांच्या काळचे लेख संस्कृत आणि हळेगन्नडमध्ये (जुन्या कन्नडमध्ये) आहेत, नंतरचे दप्तर मोडीत. फक्त मराठी माणसांचं मंडळ असेल तर अर्धा इतिहास वाचताच येणार नाही. खानापूर तालुक्यातली हलशी ही कदंबांची पलाशिका, तिथले ताम्रपट एकोणिसाव्या शतकातच जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने छापलेत. गावाबद्दल काहीही नवं जाहीर करण्याआधी असलं जुनं छापील साहित्य आणि १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटिअर बघा. धारवाडला १९३९ पासूनची कन्नड संशोधन संस्था आहे, लेख वाचून हवा असेल तर तिथे चांगले फोटो घेऊन जा. लेख कन्नड असेल तर कन्नड म्हणून छापा, खाली मराठी अर्थ. मोडी कागद असेल तर कन्नड गोषवारा द्या. सीमाप्रश्नावर सभासदांची जी मतं असतील ती त्यांची. मंडळाच्या व्यासपीठावर ती आली की निम्मी घरं दार लावून घेतात, आणि कागद त्या घरांतच असतात.

जुने सरकारी कागद कुठे शोधायचे हेही सीमेमुळेच गुंतागुंतीचं झालंय. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून त्याआधीचं बरंच काही मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. शिवाय प्रत्येक गाव ब्रिटिश हद्दीत नव्हतं. आज बेळगाव शहरातच असलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, रायबाग कोल्हापूर संस्थानात. तिथल्या माणसाने बेळगावच्या रेकॉर्ड रूममध्ये महिना घालवला तरी हाती काही लागणार नाही. आधी गाव कुठल्या हद्दीत होतं ते ठरवा, मग अर्ज करा.

नोंदणी करा, पण सहा महिने काम करून मग. १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, घटना आणि नियमावली लागते. ही कागदपत्रं कन्नड किंवा इंग्रजीत करा, वेळ वाचतो. खरी अडचण नंतरची आहे: दर वर्षी सर्वसाधारण सभा, आणि सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब निबंधकाकडे. दोन-तीन वर्षं हे राहिलं की दंड भरून कागद सरळ करता करता उत्साह संपतो. नियमावलीत एक कलम आधीच घाला, मंडळ विसर्जित झालं तर संग्रह कुठल्या संस्थेकडे जाईल. सभासदांत तो वाटून घेता येत नाही.

कामांच्या वाटणीत अध्यक्षाची फार काळजी करू नका, तो कुणीही चालतो. तीन माणसं मात्र नेटकी हवीत: नोंदवहीवाला, हिशेबवाला आणि पत्रव्यवहार करणारा. प्रत्येकाखाली एक तिशीच्या आतला जोडीदार. निवृत्त शिक्षक आणि पोस्टमास्तर हेच बहुतेक मंडळं चालवतात आणि चांगली चालवतात, पण कपाटाची किल्ली, ईमेलचा पासवर्ड आणि कुठला गठ्ठा कुठल्या घराचा हे सगळं एकाच्या डोक्यात असतं. तो मुलाकडे पुण्याला गेला की मंडळ संपलं. पासवर्ड बंद पाकिटात, किल्ल्या दोन, आणि तीन वर्षांनी काम बदलायचंच. बँकेत दोघांच्या सहीचं खातं. दर महिन्याला एक ठरलेला वार, दोन तास काम. सभा नव्हे, काम. व्याख्यानं वर्षाला दोन पुरेत, मंडप आणि सत्कारावर वर्गणी संपवण्यात अर्थ नाही.

खोदताना नाणी किंवा मूर्ती निघाली तर मंडळाने ती घरी नेऊ नये, चांगल्या हेतूनेही. कर्नाटकाचा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा, १९६२ चा कायदा आहे, खबर सरकारकडेच द्यावी लागते. तहसीलदाराला लेखी कळवा, प्रत पंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला), आणि पोच घ्या. दगड जागेवरून हलला की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं: बेळगावचे १२०४ सालचे रट्टांचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

राहिले तुमचे वीरगळ. ते उभे करून सिमेंटच्या कट्ट्यात बसवायचा प्रस्ताव पंचायतीत येईल, तो आधी थांबवा. सिमेंट खालून ओल आणि क्षार दगडात चढवतं, शिवाय दगडाचा खालचा एक हात भाग कायमचा गाडला जातो. ऑइलपेंट तर अजिबात नको. वीरगळात खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं सोडवणं, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य असं असतं. लेख असेल तर तो बहुतेक चौकटींच्या मधल्या आडव्या पट्ट्यांवर असतो, आणि रंग नेमका तिथेच भरतो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

साफ करताना आधी कोरडा मऊ ब्रश, मग साधं पाणी. साबण, ॲसिड, तारेचा ब्रश नाही. शेंदूर असेल आणि पूजा होत असेल तर खरवडू नका, पूजा करणाऱ्या घराशी बोला. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा राख भरू नका. भरणारा आपल्याला वाटतं तेच अक्षर भरतो आणि फोटो खोटा होतो. त्याऐवजी अंधार पडल्यावर जा, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. झिजलेली अक्षरंही सावलीने उभी राहतात. उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून असा चारदा उजेड टाका आणि कॅमेरा स्टँडवर, दगडाला समांतर ठेवा. आधी पूर्ण दगड, मग एकेक पट्टी, शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग सारखा यावा. चौकटीत सेंटिमीटरची पट्टी हवीच. उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, जीपीएस आणि जमीन कुणाची ते तिथेच लिहा. ओल्या कागदावर शाईने ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम, कागद फाटला की शाई दगडात जाते.

एप्रिलमध्ये तलावाचं पाणी खाली गेलं की काठाचा चिखलही बघून घ्या. दोन वीरगळ आहेत तिथे तिसऱ्याचा तुकडा पालथा पडून त्यावर कपडे धुणं चालू असतं, तेव्हा धुण्याचे दगड आधी उलटे करून बघा.