मॅडम, हा कोर्स केला की नेव्हीत जाता येतं ना?

डिचोलीहून एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी आली होती. मुलगा बारावी सायन्सला, परीक्षेला चार महिने बाकी. बसायच्या आधीच तिने पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. वर पांढऱ्या गणवेशातला तरुण, मागे जहाज आणि ठळक अक्षरांत ‘नेव्ही ऑफिसर बना’. म्हापशातल्या एका एजंटाने 50 हजार भरून सीट पक्की करायला सांगितलं होतं. मुदत शनिवारपर्यंत.

“मॅडम, ते म्हणतात कोर्स झाला की कमिशन मिळतं,” ती म्हणाली. “म्हणजे पुढे अजून कुणाला काही द्यावं लागेल का?”

कमिशन म्हणजे दलाली, एवढाच अर्थ तिने आजवर ऐकला होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर नवऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला आणि पुढे विकावा लागला, तेव्हाही मधल्या माणसाने कमिशन घेतलंच होतं. मी तिला सांगितलं, “वहिनी, हे कमिशन वेगळं. राष्ट्रपतींच्या नावाने होणारी ही अधिकारपदाची नेमणूक. ती विकत मिळत नाही आणि कुठलंही मरिटाइम कॉलेज ती देत नाही.”

मुलगा मान खाली घालून बसला होता. मी पत्रक त्याच्याकडे सरकवलं आणि फोटोतल्या खांद्यावरच्या पट्ट्या बघायला सांगितल्या. दोन सोनेरी पट्ट्या, मध्ये चौकटच्या पत्त्यासारखी खूण. मग फोनवर नौदलातल्या लेफ्टनंटचा फोटो काढून शेजारी ठेवला. तिथे वरच्या पट्टीला गोल वेटोळं असतं. तो बराच वेळ दोन्ही फोटो बघत राहिला. “म्हणजे हा मर्चंट नेव्हीवाला,” तो हळूच म्हणाला. व्यापारी जहाजांवरचा, नौदलातला नव्हे. पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोर्सचं नाव होतं : जीपी रेटिंग, सहा महिने.

या कोर्सनंतर जहाजावर खलाशी म्हणून कामाला लागता येतं. ते काम मानाचंच आहे. गोव्यात किती तारवट्यांनी घरं बांधली, बहिणींची लग्नं केली, हे मी वेगळं सांगायला नको. पण तो अधिकाऱ्याचा कोर्स नव्हे, आणि त्यातून नौदलात अधिकारी होता येत नाही. जहाजावरच्या नोकरीलाही आपल्याकडे सरसकट ‘नेव्ही’ म्हणतात, आणि पत्रक छापणाऱ्यांचं तिथेच फावतं.

गोव्यात या गैरसमजाला आणखी एक कारण आहे. एकेकाळी नेव्हल अकॅडमी खरंच इथे होती, पणजीसमोर मांडवीपलीकडे वेऱ्याला, आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळावर. मुलाच्या बाबांना ती चांगली आठवत होती. म्हणूनच इथल्या कॉलेजातून सरळ तिथे जाता येतं, असं त्यांनी धरलेलं. 2009 मध्ये केरळातल्या एझिमलाला भारतीय नौदल अकादमी सुरू झाली आणि इथलं अधिकारी-प्रशिक्षण तिकडे गेलं. एजंटाने जुना दाखलाही दिला होता : पहिले भारतीय नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कटारी मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंग शिपवरच शिकले. ते खरं आहे. मुंबईच्या ‘डफरिन’वर 1927 च्या पहिल्याच तुकडीत ते होते. पण तिथून ते आधी हुगळी नदीच्या सर्वेक्षणाच्या कामावर गेले, आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर नौदलाच्या राखीव दलात. तो काळ संपला, ती वाटही.

आज बारावीच्या मुलामुलींना नौदलात अधिकारी व्हायला सरळ दरवाजे दोन. पहिला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. यूपीएससीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, पणजीला केंद्र असतं. गणित 300 आणि सामान्य क्षमता 600 गुणांची, नंतर एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स (पीसीएम) हवंच. 2022 पासून मुलीही खडकवासल्याला एनडीएत दाखल होत आहेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण आया अजून मला चाचरत विचारतात. दुसरा दरवाजा बी.टेक. कॅडेट एंट्री. इंजिनिअरिंगच्या जेईई मेन परीक्षेतल्या रँकवर एसएसबीचं बोलावणं येतं, पण बारावीला पीसीएममध्ये 70 टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के लागतात. निवड झाली की चार वर्षं एझिमलाला. दोन्हीकडे प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. हे वाक्य ऐकल्यावर त्या आईने ओच्यात धरलेली पिशवी पहिल्यांदा खाली ठेवली.

मग मरिटाइम कॉलेजचा नौदलासाठी उपयोग शून्य का? तसंही नाही, पण तिथे कोणता कोर्स घेता यावर सगळं अवलंबून असतं. इंडियन मरिटाइम युनिव्हर्सिटीच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेतून बी.टेक. मरीन इंजिनिअरिंग केलंत, तर ती इंजिनिअरिंगची पदवी असते. तिच्या जोरावर पुढे नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारपदासाठी अर्ज करता येतो, शेवटच्या वर्षाला असतानाही. कोस्ट गार्डच्या टेक्निकल शाखेतही मरीन चालतं. बी.एस्सी. नॉटिकल सायन्स, म्हणजे जहाज चालवण्याचं शास्त्र शिकलेल्याला कोस्ट गार्डची जनरल ड्यूटी खुली राहते, पण सीडीएस या पदवीधरांसाठीच्या यूपीएससी परीक्षेतून नौदल अकादमीत जायला इंजिनिअरिंगची पदवी लागते, तिथे तो अडतो. आणि एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा केला, तर हाती पदवीच नसते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पेडण्याच्या एका मुलाला मी म्हटलं होतं, “आधी डिप्लोमा कर, बोटीवर जा, नेव्हीचं नंतर बघू.” तो डिप्लोमा झाला, पुढे जहाजावरची अठरा महिन्यांची ट्रेनिंगही झाली. परतला तेव्हा एनडीएचं वय उलटलेलं आणि अर्जावर लिहायला पदवी नव्हती. आज तो चांगल्या कंपनीत आहे, दिवाळीला फोन करतो, कधी तक्रार करत नाही. पण नौदलाचा पांढरा गणवेश त्याला मनापासून हवा होता, आणि क्रम मी चुकवला. तेव्हापासून माझ्या टेबलावर आधी वयाचा हिशेब होतो : ज्या दरवाजाची मुदत आधी संपते, तो आधी ठोठावायचा.

या मुलाला मी तीन कामं दिली. एनडीएचा फॉर्म लगेच भर. जेईई मेन दे आणि मरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटीही. तिथे पीसीएमला 60 टक्के लागतात, ते तुझ्या आवाक्यात आहेत. आणि सगळ्यात आधी डोळे तपासून घे, रंगांधळेपणाची चाचणी मागून करून घे. या एका चाचणीवर नौदल आणि मर्चंट नेव्ही दोन्ही अडतात, आणि लोक ती फी भरल्यावर करतात. आईला सांगितलं, खाजगी कॉलेजचा विचार पुढे आलाच तर डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याची मान्यता नेमक्या त्याच कोर्सला आहे का ते बघा, आणि शिपिंग कंपनीच्या स्पॉन्सरशिपचं लेखी पत्र मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. शनिवारी त्यांनी पैसे भरले नाहीत. एजंटाचे फोन महिनाभर येत होते.

एनडीएची लेखी परीक्षा त्याची थोडक्यात हुकली. बी.टेक. एंट्रीचं बोलावणं आलं, बंगळुरूला एसएसबीत तो शेवटच्या, पाचव्या दिवसापर्यंत टिकला, पण निवड मंडळाच्या कॉन्फरन्सनंतर यादीत नाव नव्हतं आणि परत आला. चार दिवस कुणाशी बोलला नाही. मग सीईटीच्या रँकवर मरीन इंजिनिअरिंगला गेला. मागच्या चतुर्थीला घरी आला तेव्हा बाबांना घेऊन मला भेटायला आला. बाबा खुर्चीत बसून मलाच विचारू लागले, “मॅडम, मग आता हा नेव्हीत आहे की नाही?”

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “बाबा, आत्ता मी मर्चंट नेव्हीचं शिकतोय. नेव्हीचा फॉर्म शेवटच्या वर्षाला भरणार. झालं तर एझिमलाला जाईन, नाही झालं तर जहाजावर इंजिनिअर.”

बाबांनी ते एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिलं आणि मग विचारलं, “एझिमला म्हणजे मंगळूरच्या पुढे ना?”